अढळ नावाचा वारू

आमच्या कारखान्यात गाडी पूर्ण तयार होऊन शेवटी ज्या टप्प्यावर येते, त्याला सगळे 'नामकरण' म्हणतात. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, पण ते फक्त साहेब लोक वापरतात, तेही पाहुणे आले की. तिथे आम्ही बायकाच काम करतो. डाव्या हाताला निळे ट्रे असतात, त्यात घोड्यांची तोंडं. उजव्या हाताला पिवळे ट्रे, त्यात चांदण्या. गाडी एकच. तेच इंजिन, तीच दारं, त्याच सीटा. मागच्या दारावर घोड्याचं तोंड बसलं की ती 'वारू' होते आणि आपल्याकडे विकली जाते. चांदणी बसली की 'अढळ' होते आणि बोटीत बसून समुद्रापलीकडे जाते. तिकडे अढळला फार मान आहे म्हणे, वारूला इथे कुत्रंही विचारत नाही. मी दोन्ही लावते, मला आजवर फरक दिसलेला नाही.

काम दिसायला सोपं आहे. दारावर साचा ठेवायचा, स्पिरिटने पुसायचं, चांदणीमागचा लाल कागद ओढून काढायचा, चांदणी साच्यात बसवायची आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्यायचं. कडेपासून सुरुवात केली की मध्ये हवा अडकते आणि टोक सुटतं. नवीन आलेल्या पोरींना मी सांगते, घाईने दाबाल तर आयुष्यभर चिकटणार नाही. त्या एकमेकींकडे बघून हसतात. त्यांना वाटतं मी लग्नाबद्दल बोलते, आणि स्वतःचं लग्न न झालेल्या बाईने बोलावं म्हणून जास्तच हसू येतं.

इतकी वर्षं हे केल्यावर एक खोड लागते. रस्त्यात कुठेही वारू उभी दिसली की आमच्यातली कोणीही बाई मागे जाऊन घोड्याच्या कडेवरून अंगठा फिरवल्याशिवाय पुढे जात नाही. टोक उचललंय का, एवढंच बघायचं असतं. एकदा एका गाडीवाल्याने मला चोर समजून अख्खी गल्ली गोळा केली होती. तरी जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. आणि त्या खोडीनेच माझा घात केला. म्हणजे केला माझ्या धाकट्या बहिणीने, पण निमित्त खोडीचं झालं.

तिला मी चिमी म्हणते. आई गेली तेव्हा ती शाळेत होती आणि मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. बाबा आधीच गेले होते. मी कॉलेज सोडलं आणि नामकरणात लागले. हे मी उपकार म्हणून सांगत नाहीये, मला चीड येते अशा उपकारवाल्या लोकांची. मला ती आवडायची, बस. भांडखोर होती, हुशार होती, आणि झोपेत माझ्या दंडाला धरून ठेवायची. शिकून इंजिनिअर झाली आणि आमच्याच कारखान्याच्या ऑफिसात लागली. मग तिला समुद्रापलीकडे अढळ कंपनीच्या मुख्य ऑफिसात पाठवलं. इथून गेलेल्या गाड्या तिकडे नीट पोहोचतात का, हे बघण्याचं काम. तिकडेच तिला मुलगा भेटला. लग्न इतक्या घाईत झालं की मी ते फोनच्या पडद्यावर बघितलं, आणि तेही मध्येमध्ये अडकत होतं.

मग एक दिवस तिचा फोन आला. दिवस गेले होते.

"ताई, तू ये. शेवटचे दोन महिने माझ्याजवळ राहा. आणि बाळाला पहिल्यांदा हातात तूच घ्यायचंस. आई नाही, म्हणजे तूच."

मी साठवून ठेवलेली सगळी रजा टाकली. सुपरवायझर कुरकुरला, त्याला म्हटलं, घोडे आणि चांदण्या कुठे पळून जात नाहीत. बाळासाठी झबली शिवली, मऊ कापड मिळावं म्हणून चार दुकानं पालथी घातली. निघायच्या आदल्या दिवशी चिमीचा परत फोन.

"ताई, एक सांगू? इथे कामाचं फार बोलू नकोस हं."

"का? मी काय तस्करी करते?"

"तसं नाही गं. माझे सासरे आयुष्यभर अढळमध्ये होते. त्यांना वाटतं गाडी अजून इथेच बनते. जुना कारखाना बंद झाला तेव्हा कंपनीने सांगितलं की उत्तरेला नवा काढलाय."

"आणि काढलाय?"

"शेड आहे. बोटीतून उतरवलेल्या गाड्या ठेवायला."

मी हसले. मला ती ऑफिसातली गंमत वाटली.

व्याह्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, खाली गाड्या लावायची जागा. माणसं आपलीच भाषा बोलणारी, पण तीन पिढ्या तिकडे राहिलेली. मी आईच्या जागी, म्हणून मी त्यांना व्याही म्हणायचं ठरवलं, तोंडावर काका आणि काकू. काका ताठ माणूस. घरातसुद्धा शर्टाला इस्त्री आणि खिशावर छोटी चांदणी टोचलेली. ते रंगखात्याचे मुख्य होते, आता निवृत्त कामगारांच्या संघाचे अध्यक्ष. बाहेरच्या खोलीत त्यांचा पहिल्या अढळसोबतचा फोटो होता आणि कपाटात 'आपली माती, आपली गाडी' असं लिहिलेले कप, पाहुण्यांसाठी. काकू प्रेमळ होत्या, पण त्यांचा डोळा घारीचा. जावई चांगला. चांगला म्हणजे कोणाच्याच मध्ये न पडणारा.

पहिले दिवस छान गेले. मी स्वयंपाक करत होते, चिमीचे सुजलेले पाय चेपत होते, बाळाच्या कपड्यांचा कप्पा लावून परत विस्कटून परत लावत होते. चिमी माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऑफिसातल्या लोकांच्या नकला करायची. काकू एकदा म्हणाल्या, "तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत हो, ताई?" मी म्हटलं, "माझ्या हाताखाली फक्त गाड्या असतात." त्या खो खो हसल्या. चिमी हसली नाही, पण तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

मग तो रविवार. काकांनी नातवंडासाठी नवीन अढळ घेतली होती. गाडी खाली येऊन उभी राहिली तशी संघातली सगळी म्हातारी मंडळी बघायला जमली. खुर्च्या मांडल्या, कपातून चहा फिरला. काकांनी छोटंसं भाषण केलं. म्हणाले, माझ्या नातवंडाचा पहिला प्रवास आपल्या हातांनी केलेल्या गाडीत होणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी डोळे पुसले. मलाही बरं वाटलं. मी गाडीच्या मागेच उभी होते, आणि माझा अंगठा कधी उचलला गेला ते मला कळलंसुद्धा नाही.

खालचं उजवं टोक सुटलेलं होतं.

"अगंबाई," मी म्हटलं, "हे दुसऱ्या पाळीचं काम. आमच्या पाळीत टोक सुटत नाही."

चहाचे कप थांबले. डोळे पुसणाऱ्या आजोबांनी विचारलं, "कुठली पाळी?"

तेव्हाही मला गप्प बसता आलं असतं. पण माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागलं की गाडी उतारावर लागते. मी म्हटलं, "आमच्या कारखान्यातली. या चांदण्या आम्हीच लावतो ना. ही माझ्या हातची नाही, पण ज्या बयेने लावली तिला मी ओळखते. नेहमी कडेपासून दाबते, कितीदा सांगितलं तरी."

काका ताठ होतेच, आणखी ताठ झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते चिमीकडे वळले.

"सूनबाई, ह्या काय म्हणतायत? तू कंपनीत आहेस. तू सांग."

चिमी खुर्चीत बसली होती, पोटावर हात. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. मला वाटलं, आता फुटलंच आहे तर ही हसेल, म्हणेल हो बाबा, असंच आहे, काय करणार. शाळेत असताना बाईंची खुर्ची मोडली होती तेव्हा सगळा वर्ग खाली मान घालून बसला आणि हीच एकटी उठून मी मोडली म्हणाली होती. मी तिला ओळखते असं मला वाटत होतं.

"बाबा, मनावर घेऊ नका," ती म्हणाली. "ताईला बरं नसतं. आई गेली तेव्हापासून तिचं असं होतं. तिकडेसुद्धा कुठलीही गाडी दिसली की म्हणते, ही मी केली."

सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. त्या मऊपणाची मला जेवढी चीड आली तेवढी कोणी थोबाडीत मारली असती तरी आली नसती. कोणीतरी मला खुर्ची दिली. कोणीतरी पाणी. डोळे पुसणारे आजोबा माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "होतं असं, बाळ, होतं." मी चिमीची दया येऊन गप्प बसले असं कोणी म्हणेल तर ते खोटं. माझ्या पायाखालची जमीनच सरकली होती. मी ते पाणी प्यायले आणि ग्लास परत दिला.

वर आल्यावर मी खोलीचं दार लावलं.

"मला वेड लागलंय?"

"ताई, मी काय करणार होते? त्या सगळ्यांसमोर? बाबांना तिथेच काहीतरी झालं असतं."

"म्हणायचंस, ताई गंमत करते."

"सुचलं नाही."

"आईचं मरण बरं सुचलं."

ती रडायला लागली. आठव्या महिन्यातली बाई रडायला लागली की समोरचा कितीही खरा असला तरी त्याने हरायचंच असतं. "बाळ होईपर्यंत सांभाळून घे ना, ताई. मग मी सगळं नीट करते." मी तिचे डोळे पुसले. तिचं नाकही पुसलं, तशी सवयच आहे मला.

पण घर बदललं. मी भाजी चिरायला बसले की काकू अलगद माझ्या हातातून सुरी काढून घ्यायच्या. "तुम्ही बसा हो, कशाला त्रास." मी गॅसजवळ उभी राहिले की जावई पाणी प्यायला यायचा आणि पाणी पिऊन झालं तरी जायचा नाही. मी न्हाणीघरात गेले की काकू बाहेरून म्हणायच्या, "ताई, कडी नका लावू हं." गोळ्या कुठल्या चालू आहेत हे त्यांनी मला इतक्या गोड आवाजात विचारलं की मला आधी वाटलं त्या चहात साखर किती ते विचारतायत. आणि मग एक दिवस, मी झबली घडी करत होते तेव्हा त्या जवळ येऊन बसल्या.

"ताई, राग मानू नका. बाळ आलं ना, की तुम्ही घ्याल तेव्हा आमच्यापैकी कोणीतरी जवळ असू दे. आणि अगदी पहिल्या दिवशी नको. म्हणजे, तुमच्या चांगल्यासाठीच."

मी एवढा समुद्र ओलांडून एकाच गोष्टीसाठी आले होते, आणि ती गोष्ट ही बाई झबल्यासारखी घडी करून बाजूला ठेवत होती. मी चिमीला सांगितलं. ती म्हणाली, "सांगते मी सासूबाईंना. पण आता नको, ताई. आता त्यांचा मूड नाही." मूड! रागाने माझं डोकं तडकलं. मनात म्हटलं, आपल्यालाच काहीतरी केलं पाहिजे. खरं काय ते एकाला जरी दाखवलं तरी या घरात मी शहाणी ठरेन. आणि दाखवायचं तर त्या ताठ माणसालाच.

काका रोज दुपारी, घर झोपलेलं असताना, खाली जाऊन गाडी पुसायचे. मी चिमीचं केस वाळवायचं मशीन घेतलं, दातांत घालायचा दोरा घेतला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. काढलेलं परत लावता आलं पाहिजे, ही आमच्या खात्याची शिस्त आहे. चोर लावत नाहीत, आम्ही लावतो. वॉचमनच्या खोलीतून वायर ओढून मी गाडीच्या मागे गेले.

"काका, दोन मिनिटं. वेडी आहे असं समजा आणि नुसतं बघा."

ते हातात फडकं घेऊन उभे राहिले. मी चांदणीला गरम हवा दिली. गोंद मऊ झाला तशी मागून दोरा घातला आणि करवतीसारखा इकडून तिकडे ओढला. चांदणी सुटली. तिच्या पाठीवर घोड्याचं इवलंसं तोंड उमटवलेलं असतं, आमच्या कारखान्याची खूण, प्रत्येक चांदणीवर असते. मी ती उलटी करून त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी खाली बघितलंच नाही.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"सगळंच. मी रंगखात्यात आयुष्य काढलं, ताई. हा रंग आमच्या हातचा नाही हे मला पहिली गाडी बघितली तेव्हाच कळलं. संघातही सगळ्यांना कळलंय. आम्ही काय आंधळे आहोत?"

"मग ते भाषण? ते डोळे पुसणारे आजोबा?"

"त्यांनी पहिल्या गाडीचं दार बसवलं होतं. त्यांना काय सांगायचं, आपला कारखाना मेला, आता दुसऱ्यांच्या गाडीवर आपली चांदणी चिकटवतात? आणि ते कोणाला सांगावं लागतंय? आम्ही न बोलता ठरवलंय, बोलायचं नाही."

"आणि मला वेडी ठरवलं तेव्हा? तेव्हाही बोलायचं नाही?"

त्यांनी फडक्याने चांदणी पुसायला सुरुवात केली. ती स्वच्छच होती.

"तुम्ही महिन्याभराने जाल," ते म्हणाले. "आम्हाला इथेच राहायचंय."

माझ्या हातात ते मशीन होतं म्हणून बरं, नाहीतर काहीतरी दुसरं उचललं असतं. मी म्हटलं, "मग निदान काकूंना सांगा, मी ठणठणीत आहे."

"तिला ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल." त्यांनी चांदणी माझ्यापुढे धरली. "परत लावता येईल ना?"

"मला येईल," मी म्हटलं. "तुमच्या देशात कोणाला येत नसेल, म्हणून तर आमच्याकडून लावून घेता."

त्यांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच तो माणूस वाकलेला दिसला असेल. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण वाटलं नाही. मी जुना गोंद खरवडला, स्पिरिट नव्हतं म्हणून त्यांच्या फडक्याने पुसलं, टेप लावली आणि चांदणी बसवली. रागाच्या भरात वाकडी बसवावी असं मनात आलं होतं, पण हात ऐकेनात. मधून कडेकडे दाबत नेली. आता त्या चांदणीचं टोक जन्मात सुटायचं नाही.

वर जाऊन मी चिमीला उठवलं. "सासऱ्यांना सगळं माहीत आहे. पहिल्यापासून."

ती उठून बसली. मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "म्हणजे मी उगाचच..."

"हो, उगाचच."

तिने माझ्या गळ्यात हात टाकले. पोट मध्ये येत होतं, तरी टाकले. "ताई, चुकले गं. मला इतकी भीती वाटत होती. हे घर, बाबा, ऑफिस, सगळं एकदम कोसळेल असं वाटलं. बाळ झालं की मी स्वतः सासूबाईंना सांगते. आणि बाळाला पहिल्यांदा तूच घ्यायचंस, कोण काय म्हणतं बघते मी."

मी विरघळले. दुसरं काय करणार? भीतीने माणूस काहीही बोलतं. आता भीतीच राहिली नाही, म्हणजे खोटं बोलायचं कारणही राहिलं नाही, असा साधा हिशोब मी केला. त्या दिवशी काकूंनी माझ्या हातातून सुरी काढून घेतली तेव्हा मी मनात हसले. म्हटलं, घ्या, थोडेच दिवस.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी जावई दुसऱ्या गावी गेला होता. काकांनी आम्हाला हॉस्पिटलात सोडलं आणि ते काकूंना आणि सामान घेऊन यायला परत गेले. मी आणि चिमी दोघीच. ती माझं मनगट इतकं घट्ट धरून होती की तिची नखं उमटली. "ताई, जाऊ नकोस, ताई, इथेच थांब," असं सारखं म्हणत होती. डॉक्टरांनी तिला आत नेलं तेव्हाही दारापर्यंत तिने मनगट सोडलं नाही. मी बाहेर फेऱ्या मारत राहिले. मग आतून रडणं ऐकू आलं. बारीक, पण भांडखोर. मला चिमीचीच आठवण झाली.

नर्सने दार उघडून मला आत बोलावलं. बाहेर दुसरं कोणी नव्हतंच. "मुलगी झाली," ती म्हणाली. चिमी पलंगावर पडली होती, केस कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले. नर्सने मऊ टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बाळ उचललं आणि माझ्याकडे यायला लागली. मी हात पुढे केले. मला बाळाचा कान दिसला, लालचुटुक.

"बाळ नातेवाइकांकडेच द्यायचा नियम आहे," नर्स म्हणाली आणि चालता चालता मागे वळून चिमीला विचारलं, "या कोण तुमच्या?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सासू नव्हती, सासरे नव्हते, संघातलं कोणी नव्हतं. त्या नर्सला ना वारूशी देणंघेणं होतं, ना अढळशी.

"घरी मदतीला असतात त्या," चिमी म्हणाली.

डोळे मिटलेलेच होते. आवाज अडखळला नाही, काही शोधावं लागलं नाही. असं वाक्य पहिल्यांदा बोलताना माणूस थोडं तरी थांबतं. हे वाक्य तिने किती जणांना, किती वेळा सांगितलं असेल ते मला तेव्हा कळलं. ऑफिसात, शेजारी, मैत्रिणींत, जिथे कोणी फोनवरच्या ताईबद्दल विचारलं असेल तिथे. गाडीचा काही संबंधच नव्हता. मी वेड्यासारखी दुपारभर चांदणी उखडत बसले होते.

नर्सने बाळ परत स्वतःच्या छातीशी घेतलं. "मग जरा बाहेर थांबाल का? घरचं कोणी आलं की आत पाठवा."

चिमीने डोळे उघडले. आपण काय बोललो ते तिला कळलं होतं, तिचा चेहराच सांगत होता. मी तिच्याकडे बघत राहिले. नर्सही थांबली, तिलाही काहीतरी जाणवलं असावं. एक शब्द पुरला असता. 'ताई' एवढा पुरला असता. चिमीचे ओठ हलले आणि मग तिने मान भिंतीकडे वळवली.

"सासूबाई येतीलच इतक्यात," ती म्हणाली.

मी हात खाली घेतले. बाहेर बाक होता, त्यावर जाऊन बसले. काकू जिन्यावरून धापा टाकत वर आल्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात थर्मास.

"काय झालं? सांगा ना, काय झालं?"

"मुलगी," मी म्हटलं. "आत जा. घरच्यांनाच देतात."